समन्वयक, टेलिफोन

२६ सप्टेंबर १९८८, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय ही कोरी डायरी ऑफिसच्या कपाटातून आपसूकच माझ्या पिशवीत आली, वाया कशाला घालवा.

आज घडलंच तसं. आमच्या पंपांच्या कंपनीत (अंधेरी पूर्व, मरोळ नाक्यावरून आत) नवीन टेलिफोन सिस्टिम बसली. वनमालाबाई ऑपरेटर ज्यात वायरी खुपसायच्या तो जुना बोर्ड गेला. आता प्रत्येकाच्या टेबलावर बटणांचा फोन. चंद्रप्रकाश साहेबांनी, म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरनी, सगळ्यांना जमवून विचारलं, ही सिस्टिम शिकून बाकीच्यांना कोण शिकवणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पंख्याकडे बघत होतो. साहेब म्हणाले, झकास, जयवंत तयार आहे. पद: टेलिफोन समन्वयक. पगार तोच.

पण मुद्दा वेगळा आहे. ऑफिस सुपरिटेंडेंटची खुर्ची रिकामी आहे आणि दिवाळीआधी भरणार आहे. माणसं दोनच. मी आणि अकाउंट्सचा श्यामसुंदर. श्यामसुंदर फोन वाजला की दचकतो. त्यामुळे माणूस खरं तर एकच.

सुपरिटेंडेंटला कंपनीच्या कोट्यातून घरी फोन मिळतो. आमचा स्वतःचा नंबर लग्नाच्या वर्षी लावलेला आहे. मुलगी शुभा चौथीत गेली तरी अजून लागतोच आहे. माझ्या बायकोची, सुगंधाची, आई खाडीपलीकडे मनोरीला एकटी असते, तिला मधूनमधून चक्कर येते. सुगंधाला तिच्याशी बोलायचं तर खाली वाण्याकडे जावं लागतं. तिथून ती मनोरीच्या धोंडूच्या बर्फाच्या कारखान्यात फोन लावते, मग धोंडू म्हातारीला हाक मारून आणतो, तोवर वाण्याकडचं सगळं गिऱ्हाईक कान देऊन उभं.

संध्याकाळी सुगंधाला बातमी दिली. ती म्हणाली, खुर्चीचं राहू द्या, फोन येणार का तेवढं सांगा. म्हटलं, आलाच समज.

२८ सप्टेंबर, बुधवार

मशीनवाल्या कंपनीचं ट्रेनिंग. जुहूला समुद्रासमोरच्या हॉटेलात. एसी. खार दांड्यात लहानाचा मोठा झालो, पण समुद्र काचेच्या आतून आज पहिल्यांदा पाहिला. बरा दिसतो. वास येत नाही.

सकाळी कॉल वेटिंग शिकवलं. आपण एकाशी बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला तर कानात टूक-टूक वाजतं. बटण दाबायचं, पहिला थांबतो, त्याला गाणं ऐकू येतं, आपण दुसऱ्याशी बोलायचं. पुन्हा दाबलं की पहिला परत. पोरखेळ आहे.

दुपारी जेवण. पापलेट. आमच्या घरच्याइतकं ताजं नव्हतं, म्हणून खात्री करायला तीनदा घेतलं.

जेवणानंतर कॉलबॅक मेसेज. तो भाग मी डोळे मिटून ऐकला. मिटल्या डोळ्यांनी जास्त लक्षात राहतं. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा उघडले. सार असं की, समोरचा जागेवर नसेल किंवा बोलत असेल तर मेसेजचं बटण दाबायचं. त्याच्या फोनवर लाल दिवा लागतो. त्याने येऊन तेच बटण दाबलं की शेवटचा मेसेज ज्याचा, त्याला फोन लागतो. बाकी तपशील. तपशील काय, कोणीही सांगेल.

३० सप्टेंबर, शुक्रवार

कॉल वेटिंगचा पहिला प्रत्यक्ष प्रयोग. श्यामसुंदरशी बोलत होतो (तो शेजारच्याच टेबलावर बसतो, पण प्रॅक्टिस हवी). टूक-टूक. बटण दाबलं. चंद्रप्रकाश साहेब. म्हटलं, एक मिनिट सर. बटण दाबलं. खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं. मग म्हटलं, ए शाम्या, साहेब लाइनीवर आहे, कटकट आहे नुसती, तू चहा मागव रे.

शेजारी श्यामसुंदर कानाला फोन लावून गाणं ऐकत मान डोलवत होता.

साहेबांनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी आमचा शिपाई दत्ताराम साहेबांच्या केबिनमधून माझ्यासाठी चहा घेऊन आला. माणूस मोठा आहे. असल्या मशीनने वरचा-खालचा भेद मिटतो हे माझं पहिल्यापासूनचं मत.

संकल्प: बटण एकदाच दाबायचं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

विचार केला. ज्याच्याकडे कोणी थांबलेलं नाही तो माणूस मोठा कसा? डॉक्टरकडे बाकावर माणसं बसलेली असतात म्हणून तो डॉक्टर. माझ्या फोनवर सतत टूक-टूक व्हायला हवं, आणि तेही साहेब राऊंडला येतात तेव्हा.

दांड्याच्या महादूला सांगितलं, रोज अकराला मला फोन कर. महादू माझा चुलतभाऊ, मासळीची गाडी चालवतो. म्हणाला, बोलू काय? म्हटलं, काहीही बोल, फक्त ठेवू नकोस. म्हणाला, जयवंता, तुझी तब्येत बरी हाय ना?

सुगंधालाही सांगितलं. ती म्हणाली, काम असेल तेव्हा करीन. तिला यातली दूरदृष्टी कळत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज योजना अशी काही जमून आली की बोलायची सोय नाही. अकरा वाजता साहेब राऊंडला. महादू लाइनीवर, बोंबलाचा भाव सांगत होता. मी म्हणत होतो, येस, येस, नोटेड. तेवढ्यात टूक-टूक. सुगंधा! म्हणाली, अहो, आईला सकाळी चक्कर आली, धोंडूचा वाण्याकडे फोन होता. साहेब नेमके माझ्या टेबलापाशी. मी भारदस्त आवाजात म्हटलं, प्लीज होल्ड द लाइन, मॅडम. बटण दाबलं. साहेबांनी विचारलं, बिझी दिसतोस? म्हटलं, दोन पार्ट्या आहेत सर, एक वेटिंगला. साहेब भुवया उंच करून गेले. इंप्रेशन पडलं.

मग महादूने भाव पुरा केला. मग टॉयलेटला जाऊन आलो. मग आठवलं. तोवर तिने फोन ठेवलेला होता.

रात्री घरी भात आणि लोणचं. सुगंधा दुपारीच मनोरीला जाऊन, आईला डॉक्टरकडे नेऊन परत आली होती. आई बरी आहे, बीपी.  सुगंधा एवढंच म्हणाली की वाण्याकडे मागे चार माणसं उभी होती आणि मी कानाला गाणं लावून रडत होते.

गाणं ऐकू आलं म्हणजे सिस्टिम चालते. तिला तसं म्हटलं नाही. घरी फोन आला की तिची सगळी नाराजी जाईल. त्याचसाठी तर चाललंय.

१० ऑक्टोबर, सोमवार

कॉलबॅक मेसेज सुरू. साहेबांना सर्क्युलर काढायला लावलं, मजकूर माझा: यापुढे ऑफिसात कोणीही कोणाला हाक मारणार नाही, शिपाई पाठवणार नाही, चिठ्ठी लिहिणार नाही. माणूस जागेवर नसेल किंवा फोनवर असेल तर फक्त मेसेज ठेवावा. साहेब म्हणाले, मीसुद्धा? म्हटलं, सर, सुरुवात वरून व्हायला हवी. त्यांनी सही केली.

सकाळी सगळे चहाला गेले होते तेव्हा एकेका फोनवर मेसेज ठेवून दिला. परत आले तर सबंध हॉलमध्ये लाल दिवे. गणपतीच्या आराशीसारखं दिसत होतं. मी माझ्या फोनपाशी बसून वाट पाहिली.

एकानेही बटण दाबलं नाही. सगळे उठून माझ्या टेबलाशी आले आणि विचारायला लागले, काय रे, काय काम होतं? मी समजावलं, असं चालत येणं बंद झालंय, जागेवर जा, बटण दाबा. गेले. जाऊन बसले. दाबलं नाही. एकजण म्हणाला, लाल दिवा म्हणजे करंट, आपण हात लावणार नाय. श्यामसुंदरला मी मेसेज ठेवला होता की टाचण्यांची डबी दे. त्याने हात लांब करून डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि दिवा रुमालाने झाकून टाकला.

आपल्या लोकांना काही नवीन नको असतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवे अजून लागलेले. वाढलेत. मी रोज नवे ठेवतो. माझ्या फोनवर मात्र एकही नाही. वनमालाबाई म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांना बोलावताय, तुम्हाला कोण बोलावणार? बाईंना जुन्या बोर्डाची सवय, नवीन गोष्टी समजायला वेळ लागतो.

श्यामसुंदरला डोळे आले. दोन्ही. लालभडक. साहेबांनी घरी पाठवला. त्याच्या टेबलाजवळून सगळे अंग चोरून जातात, फोनला तर कोणी बोटही लावत नाही. एक उमेदवार आजारी, एक कामावर. निसर्गसुद्धा कौल देतो.

सुगंधाने फोनसाठी कोपरा मोकळा केलाय. तिथली शिवणाची मशीन खिडकीशी नेली. म्हणाली, भिंतीजवळ ठेवू या, आईशी बोलताना खाली बसता येईल. छान वाटलं मला. खरंच छान वाटलं.

१९ ऑक्टोबर, बुधवार (खंडेनवमी)

उद्या दसऱ्याची सुट्टी म्हणून ऑफिसात आजच पूजा. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनची, ऑफिसात टाइपरायटरची. मी म्हटलं, यंदा फोनचीही, आणि ती समन्वयकाच्या हातून. कोणाची हरकत नव्हती. पेढे येणार होते.

कुंकू मी घरून आणलं होतं, खोबरेल तेलात कालवून. आमच्या दांड्यात नारळी पुनवेला बाबा होडीच्या तोंडाला असंच लावायचे. कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं, तेलातलं धरून राहतं. आणि ते पुसायचं नसतं. होडीचं कुंकू माणसाने पुसलं तर ती रिकामी परत येते. समुद्र धुवून नेईल तेव्हा नेईल.

आता फोनला लावायचं कुठे? नीट बघितलं तर फोनलाही कपाळ असतं. वर, मधोमध, तो छोटा दिवा. जणू त्यासाठीच ठेवलेला. प्रत्येक फोनच्या कपाळावर अंगठ्याने ठसठशीत टिळा लावला, वर झेंडूचं फूल. दत्तारामने विचारलं, पुसायचं कधी? मी सगळ्यांना उभं करून होडीची गोष्ट सांगितली. पुसायचं नाही म्हणजे नाही. सगळ्यांनी हात जोडले. वनमालाबाई म्हणाल्या, माझ्या नव्या बोर्डाला मीच फूल वाहीन, हात लावू नका. असो. श्यामसुंदरचा फोन राहिला. त्याला हात कोण लावणार, डोळे येतील.

समाधानाचा दिवस. पेढे चार.

२२ ऑक्टोबर, शनिवार

चमत्कार. सबंध ऑफिसात एकही लाल दिवा नाही! दोन आठवडे मी घसा फोडून सांगत होतो त्याचा परिणाम एकदम झाला. लोक गुपचूप बटणं दाबायला लागले असणार. माझ्याकडे फोन कोणाचा आला नाही, पण लाजत असतील.

साहेबांना लेखी रिपोर्ट दिला: पेंडिंग मेसेज, शून्य. साहेब म्हणाले, शाब्बास. पुढच्या आठवड्यात सुपरिटेंडेंटचं नक्की करतो.

परत येताना बोरिवली स्टेशनबाहेर पेढे घेतले. चाळीत वाटले नाहीत. फक्त शेजारी, समोरचे आणि वाण्याला. वाण्याला म्हटलं, शेठ, आता आमच्या हिचा त्रास नाही तुम्हाला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

श्यामसुंदर परत आला. काळा चष्मा लावून. सिनेमातला वाटतो. टेबलावर बसला आणि विचारायला लागला, बाकीच्यांचे फोन सजवलेत, माझा का नाही? म्हटलं, पुढच्या वर्षी.

अकराला महादू. दिवाळीला कोळंबी आणू का सुरमई यावर सविस्तर चर्चा. मधे टूक-टूक झालं. मग पुन्हा झालं. मी घेतलं नाही. दरवेळी लगेच घेतलं तर आपली किंमत राहत नाही. थांबतील आणि मेसेज ठेवतील. सिस्टिम आहे कशाला!

बोलणं संपल्यावर फोनकडे पाहिलं. मेसेज नाही. म्हणजे कोणी किरकोळ असणार.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी चार वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मी शर्ट खोचून पुढे उभा राहिलो. भाषणाची पहिली दोन वाक्यं पाठ केली होती.

नवीन ऑफिस सुपरिटेंडेंट: श्यामसुंदर.

टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या, कारण हात आधीच वर होते.

मग केबिनमध्ये गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, मंगळवारी तुला दोनदा फोन केला, तू दुसऱ्या लाइनीवर होतास, घेतला नाहीस. म्हणून मेसेज ठेवला, त्याच वेळी श्यामसुंदरही जागेवर नव्हता, त्यालाही ठेवला. त्याने लगेच फोन केला, येऊन बोलून गेला. तुझी तीन दिवस वाट बघितली. म्हटलं, सर, हाक मारायची, दत्तारामला पाठवायचं. साहेबांनी खण उघडून माझं सर्क्युलर टेबलावर ठेवलं.

श्यामसुंदरला विचारलं, बटण दाबायला कोणी शिकवलं तुला? म्हणाला, कोणी नाय रे. डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता, तो दिवा बंद करायला दाबलं, तर आतून साहेब बोलले.

माझ्या फोनवर मेसेज आलाच नव्हता. मी स्वतः पाहिलंय. मशीन खराब आहे. उद्या कंपनीचा माणूस बोलावतो. दूध का दूध होऊ दे. साहेबांना निकाल फिरवावा लागेल.

२९ ऑक्टोबर, शनिवार

माणूस आला. त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे, लेखी द्या. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला. मग विचारलं, हे काय फासलंय? मी होडीची गोष्ट सांगायला घेतली. तो गुजराती होता, थांबला नाही. अंगठ्याच्या नखाने खरवडलं.

खाली दिवा लागलेला होता. लाल. मंगळवारपासून लागलेला होता.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तो म्हणाला, बटन दबाओ ना. दाबलं. साहेबांच्या केबिनमध्ये फोन वाजलेला इथपर्यंत ऐकू आला. साहेबांनी उचलला. म्हटलं, सर, जयवंत. तुमचा मेसेज होता. ते म्हणाले, हां, होता. आता काही काम नाही.

म्हटलं, हॅपी दिवाळी सर.

मग सगळे आपापल्या फोनचं कुंकू खरवडायला लागले. प्रत्येकाच्या खाली दिवा. प्रत्येकाने बटण दाबलं. सगळे मेसेज माझेच, त्यामुळे दिवसभर माझा फोन वाजत राहिला. टूक-टूक, टूक-टूक. सगळ्यांना एकच सांगितलं, काही काम नव्हतं.

२ नोव्हेंबर, बुधवार

सुगंधाला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ यायला हवी. सोमवारी तिचं डोकं दुखत होतं. काल माझं. आज ती विचारत होती, आईला कळवून टाकू का की लक्ष्मीपूजनाला घरून फोन करते? म्हटलं, घाई कशाला. म्हणाली, घाई नाही हो, दहा वर्षं झाली.

निघताना वाण्याने विचारलं, साहेब, लागला का फोन? म्हटलं, वायर यायचीय.

उद्या सांगतो.

५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

सांगावं लागलं नाही. श्यामसुंदरची बायको कुंदा सुगंधाला बोरिवलीच्या बाजारात भेटली. म्हणाली, आमच्याकडे परवा फोन लागला, नंबर लिहून घ्या, कधी गरज पडली तर या करायला.

सुगंधाने घरी येऊन पिशवी ठेवली, भाजी निवडली. मग विचारलं, कधी कळलं तुम्हाला? म्हटलं, अट्ठावीसला. ती म्हणाली, म्हणजे वाण्याला माझ्या आधी वायरीचं सांगितलंत. मी कुंकवाचं सांगायला लागलो तर म्हणाली, ते नको. फोन नाही तर नाही. मी दरवेळी उभी राहून बोललेच की आजवर. पण मला कळायला नको होतं का?

निवडलेल्या भाजीचं ताट मी ओट्यावर नेऊन ठेवलं. ती रागावली असती तर मीही रागावलो असतो.

उद्या शुभाला घेऊन मनोरीला जातेय. दिवाळी तिकडेच. मला या म्हणाली नाही. नका येऊ असंही म्हणाली नाही. याचा अर्थ मी माझ्या बाजूने लावायचं ठरवलंय.

८ नोव्हेंबर, मंगळवार

काल सकाळी बर्फाच्या कारखान्यात फोन लावला. धोंडूला म्हटलं, सुगंधाला निरोप दे, मला ऑफिसात फोन कर म्हणावं. दिवसभर टेबल सोडलं नाही. वडापाव तिथेच खाल्ला. अकराला महादूचा आला, तो दोन शब्दांत कापला. सुगंधाचा आला नाही.

आज दुपारी पुन्हा लावला. धोंडू म्हणाला, दादा, निरोप कालच दिला. म्हटलं, मग काय म्हणाली? म्हणाला, बोलायचं आसंल तर हितं या म्हणाली, होडी चालू हाय. विचारलं, रागाने म्हणाली का? तो म्हणाला, त्ये मला काय म्हाईत, माझी बर्फाची गाडी लागलीय. म्हातारीला परवा परत चक्कर आलेली, आता बरी हाय. आणि ठेवला.

रजेचा अर्ज सुपरिटेंडेंटकडे द्यावा लागतो. दिला. श्यामसुंदरने लगेच सही केली, वर म्हणाला, वहिनींना नमस्कार सांग.

इथे मी लिहायला घेतलं होतं की सुपरिटेंडेंट झालो असतो तर दिवाळीत रजा मिळाली नसती, झालं ते एका अर्थी बरंच झालं. अर्धं लिहून खोडलं. बरं नाही झालं. तिच्या आईला चक्कर आली ते मला बर्फवाल्याकडून कळलं, तिच्याकडून नाही. घरी फोन यायला हवा होता. तो हाताशी आला होता, मी घालवला.

शुभासाठी फुलबाज्या घेतल्यात. मालाडहून बस, मग मार्व्याला होडी. तिथे पोचल्यावर काय बोलायचं ते काहीच ठरवलेलं नाही.